तिकीट खिडकीची रोकड

रेल्वेचा तिकीट लिपिक, एस.टी.चा वाहक आणि नाट्यगृहाच्या बुकिंगवर बसणारा तिकीटविक्रेता हे तिघेही वस्तुतः रोखपालच होत. बँकेच्या रोखपालाप्रमाणे त्यांच्याही हातून दिवसभर परक्याचा पैसा जात असतो आणि संध्याकाळी त्याचा जाब द्यावा लागतो. तथापि या दोन रोखपालांमध्ये एक मोठा फरक आहे. बँकेत पैसे भरणारा अथवा काढणारा मनुष्य बहुधा खातेदार असतो. त्याचे नाव, पत्ता, सही शाखेत नोंदलेली असते. दिवसअखेर रोकड जुळली नाही तर पावत्या पुन्हा चाळता येतात, नोटांचा तपशील पडताळता येतो आणि शंका आलीच तर खातेदाराला दूरध्वनी करून विचारताही येते. तिकीट खिडकीवरचा ग्राहक अनामिक असतो. त्याला शंभर रुपये जास्त परत गेले, हे ध्यानात येईपर्यंत तो गाडीत बसून दोन स्थानके पुढे गेलेला असतो.

एका व्यवहारास अर्धा मिनिट धरले, तर गर्दीच्या वेळी तासाला एकशे वीस व्यवहार होतात. त्यातला प्रत्येक व्यवहार रोखीचा असला, तर तितक्याच वेळा नोट पारखायची, भाडे वजा करायचे, मोड मोजून द्यायची आणि पुढच्या प्रवाशाचा शब्द काचेपलीकडून ऐकायचा. बँकेतील मंडळींना या कामाचा ताण निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र ज्या हिशेबपद्धतीवर हे काम उभे आहे तिची ओळख करून घेण्यासारखी आहे, कारण ती एका दिवाळे निघालेल्या सुताराने घडवलेली आहे.

पुठ्ठ्याच्या तुकड्याचे गणित

थॉमस एडमंडसन हा इंग्लंडमधील लँकेस्टरचा. लाकडी सामान बनवण्याचा त्याचा व्यवसाय बुडाला आणि १८३६ साली न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या मिल्टन नावाच्या लहानशा स्थानकावर त्याने नोकरी धरली. त्या काळी रेल्वेची तिकिटे घोडागाड्यांच्या रिवाजानुसार हाताने लिहून दिली जात. प्रवाशाचे स्थानक, भाडे, तारीख असे सारे कागदाच्या चिठ्ठीवर खरडायचे आणि चिठ्ठी फाडून द्यायची. यात वेळ तर जाईच, शिवाय दिवसभरात किती चिठ्ठ्या फाटल्या आणि किती पैसे गल्ल्यात आले याचा मेळ घालण्याचे खात्रीचे साधन नव्हते. लिपिक प्रामाणिक असला तरी ते सिद्ध करणे त्याला अशक्य होते. एडमंडसनने जाड पुठ्ठ्याची लहान तिकिटे आधीच छापून, त्यांवर सलग क्रमांक घालून, प्रत्येक स्थानकाच्या तिकिटांसाठी स्वतंत्र खण केला. विक्रीच्या क्षणी फक्त तारखेचा ठसा मारायचा. त्यासाठीचे दाबयंत्रही त्याने तयार केले. पुढे रेल्वे कंपन्यांकडून त्याने दर मैलास वर्षाकाठी दहा शिलिंग या दराने स्वामित्वधन घेतले आणि आलेल्या पैशातून आपल्या जुन्या धनकोंची देणी फेडली. बँकेच्या वाचकांना हा शेवटचा तपशील विशेष आवडावा.

या पद्धतीचे मर्म एका वजाबाकीत आहे. समजा, पाळी सुरू झाली तेव्हा एखाद्या खणातील सर्वांत खालच्या, म्हणजे पुढे विकावयाच्या तिकिटाचा क्रमांक ४२१० होता आणि पाळी संपली तेव्हा तो ४३७८ झाला. म्हणजे १६८ तिकिटे विकली गेली. प्रत्येकी पाच रुपये भाडे असेल तर त्या खणाचे ८४० रुपये गल्ल्यात असलेच पाहिजेत. असे सर्व खणांचे आकडे मांडून बेरीज केली की येणे असलेली रक्कम निघते. लिपिकाला विचारण्याची, त्याच्यावर विश्वास ठेवण्याची अथवा न ठेवण्याची आवश्यकता उरत नाही. धनादेश-पुस्तिका आणि ठेव-पावत्या यांचे सलग क्रमांक बँकेत ज्या कारणासाठी जपले जातात, तेच कारण येथे आहे. कोरे तिकीट हरवणे म्हणजे रोख रक्कम हरवणे, असा त्याचा अर्थ.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर भारतभर पसरलेल्या रेल्वेने ही पुठ्ठ्याची तिकिटे दीर्घकाळ वापरली. लाकडी कपाटातील खण, ठसा मारताना होणारा खटका आणि हातात येणारे ते लहानसे पुठ्ठ्याचे तिकीट पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही वाचकाला आठवत असेल. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास नवी दिल्लीहून आरक्षणाच्या संगणकीकरणास आरंभ झाला, २००२ मध्ये अनारक्षित तिकिटांची संगणकीय प्रणाली आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटरनेटवरून आरक्षण सुरू झाले. खण गेले, परंतु वजाबाकी राहिली. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाच्या गुंडाळीवर आजही क्रमांक आधीच छापलेले असतात आणि संगणकाने नोंदलेली विक्री व संपलेला कागद यांचा मेळ घालावाच लागतो. छपाईयंत्रात कागद अडकला, तिकीट अर्धवट उमटले, तर ते खराब तिकीट फेकून देता येत नाही. ते विहित पद्धतीने रद्द करून हिशेबास जोडावे लागते. ते राहून गेले तर त्याचे भाडे लिपिकाच्या नावे निघते.

पाळीवर बसताना

रेल्वेचा तिकीट लिपिक कामावर बसण्यापूर्वी आपल्या खिशातील खासगी रक्कम एका नोंदवहीत लिहून सही करतो. बाहेरच्या माणसाला हे थोडे अपमानास्पद वाटेल. परंतु दक्षता पथकाने मध्येच येऊन गल्ला मोजला, तर खिशातील पैसा कोणता आणि रेल्वेचा कोणता हे ठरवण्याचा दुसरा मार्ग नाही. कधी कधी या पथकाचा माणूस साधा प्रवासी बनून रांगेत उभा राहतो, मोठी नोट देतो आणि मोड बरोबर परत येते की नाही हे पाहतो.

गल्ला कमी भरला तर तूट लिपिकाने स्वतःच्या पैशातून भरून द्यायची असते. गल्ला जास्त भरला तर ती वाढ रेल्वेकडे जमा होते, लिपिकाला मिळत नाही. हा नियम एकतर्फी दिसतो, परंतु त्यामागचा विचार साधा आहे. गल्ल्यातील वाढ म्हणजे कोणा तरी प्रवाशाला कमी परत गेलेले पैसे. ती लिपिकाची कमाई ठरली, तर मोड कमी देण्याचे आमिष कायमचे उभे राहील. म्हणून तपासणीत वाढही तुटीइतकीच संशयाने पाहिली जाते.

या धास्तीतून खिडकीवरच्या काही सवयी घडल्या आहेत. प्रवाशाने सांगितलेले स्थानक मोठ्याने पुन्हा उच्चारायचे. नोट हातात आल्यावर ती किती रुपयांची हे बोलून दाखवायचे. मोड परत देईपर्यंत ती नोट गल्ल्यात टाकायची नाही, समोर ठेवायची, म्हणजे ‘मी पाचशेची दिली होती’ हा वाद उद्भवत नाही. मोड आणि तिकीट एकदम सरकवायचे. बँकेच्या रोखपालालाही यातले बरेच काही परिचयाचे वाटेल. मुंबईत खार रोड आणि खारघर ही दोन स्थानके घाईत उच्चारली तर काचेपलीकडे सारखीच ऐकू येतात. एक पश्चिम रेल्वेवर आहे, तर दुसरे खाडीपलीकडे नवी मुंबईत. शिवाय प्रवासी नावे बदलत नाहीत. व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आला, तरी खिडकीवर ‘व्हीटी’ मागणारे आजही आहेत. २०१८ पासून एल्फिन्स्टन रोड प्रभादेवी झाले, तेव्हाही तसेच. लिपिकाला ही सर्व नावे ठाऊक असावी लागतात.

आणि खुर्दा. तिकीट खिडकीवरील भांडणांचे ते सर्वांत जुने कारण. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे दुसऱ्या वर्गाचे भाडे पाच रुपयांपासून सुरू होऊन पाचच्या पटीत वाढत जाते, त्यामुळे तेथे हा प्रश्न पूर्वीइतका तीव्र नाही. अन्यत्र मात्र ‘सुटे पैसे द्यावेत’ ही पाटी अजूनही लटकते. दहा रुपयांचे नाणे न घेण्याचा हट्ट देशाच्या काही भागांत अनेक वर्षे चालला. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याचे सर्व चौदा नमुने वैध असल्याचे स्पष्ट केले, तरी अफवा विरल्या नाहीत. या बाबतीत कायदा निःसंदिग्ध आहे. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार एक रुपया व त्यावरील मूल्याची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी मात्र जून २०११ अखेर चलनातून बाद झाली. तिकीट खिडकीवर नाणे नाकारले गेले तर प्रवाशाने हे शांतपणे सांगावे. लिपिकानेही ध्यानात घ्यावे की, त्याने नाकारलेली नाणीच पुढच्या तासाला मोड म्हणून त्याच्या कामी येणार असतात.

पाच पैसे

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) राज्य परिवहनाची पहिली बस निघाली. लक्ष्मण केवटे हे तिचे वाहक. तेव्हापासून एस.टी.च्या वाहकाची ओळख म्हणजे खाकी गणवेश, चामडी पिशवी, तिकिटांचा ट्रे आणि छिद्र पाडणारा चिमटा. ट्रेमध्ये निरनिराळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे असत, प्रत्येकावर सलग क्रमांक. प्रत्येक टप्प्यावर त्या त्या गठ्ठ्याचा चालू क्रमांक वे-बिलात उतरवायचा. वाटेत तपासनीस चढला की तो वे-बिल पाहणार, प्रवासी मोजणार आणि एडमंडसनची तीच वजाबाकी धावत्या गाडीत करणार. रेल्वेच्या लिपिकाला निदान खुर्ची आणि बंद दार असते. वाहकाने हे सारे खच्चून भरलेल्या गाडीत, घाटाच्या वळणावर एका हाताने दांडा धरून करायचे असते. पुढे हातातील तिकीटयंत्रे आली आणि लिहिणे कमी झाले, मात्र आगारात परतल्यावर पै-पैचा भरणा करण्याची जबाबदारी तशीच आहे.

या जबाबदारीकडे न्यायालये अत्यंत कठोरपणे पाहत आली आहेत. कर्नाटकातील एका वाहकाने प्रवाशांना कमी रकमेची तिकिटे दिल्याच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वाहक हा विश्वस्ताच्या नात्याने काम करतो आणि जाणूनबुजून योग्य भाडे न घेणे हे गंभीर गैरवर्तन होय. रक्कम किती लहान हा मुद्दा गौण ठरतो. बँकेच्या रोखपालालाही हेच तत्त्व लागू केले जाते.

तत्त्व योग्यच आहे. तथापि त्याची किंमत कधी कधी किती मोजावी लागते याचे उदाहरण दिल्लीत घडले. १९७३ साली दिल्ली परिवहनच्या एका वाहकावर आरोप आला की, त्याने एका महिला प्रवाशाकडून पंधरा पैसे घेऊन दहा पैशांचे तिकीट दिले आणि पाच पैसे स्वतःकडे ठेवले. चौकशी झाली, त्याची नोकरी गेली. १९९० मध्ये कामगार न्यायालयाने बडतर्फी बेकायदेशीर ठरवली. महामंडळाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि हा वाद २०१६ पर्यंत न्यायालयात रेंगाळला. तोवर तो वाहक निवृत्तीचे वय केव्हाच ओलांडून गेला होता, आणि ज्या पाच पैशांसाठी हे घडले ते नाणे चलनातूनही गेले होते. एवढ्या वर्षांत वकिलांवर झालेला खर्च त्या पाच पैशांच्या किती पट असेल, हे गणित कोणीही सहज करू शकेल. सलग क्रमांकांची पद्धत विकलेल्या तिकिटांचे पैसे अचूक सांगते. परंतु दहाचे तिकीट देऊन पंधरा घेतले की नाही, हे ती सांगू शकत नाही. तेथे एका माणसाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध उभा राहतो, आणि वाहकाची उभी नोकरी त्यावर टांगलेली असते. ‘तिकीट राहू द्या, पाच रुपये कमी घ्या’ असे सहज म्हणणाऱ्या प्रवाशाला आपण समोरच्या माणसाकडे नेमके काय मागतो आहोत, याची बहुधा कल्पना नसते.

महाराष्ट्रात अलीकडे शून्य रकमेची तिकिटेही वाहकाच्या कामात महत्त्वाची झाली आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे. पैसे घ्यायचे नसले तरी ज्येष्ठाला तिकीट द्यावेच लागते, कारण त्या सवलतीची प्रतिपूर्ती शासनाकडून महामंडळाला होते आणि मागणीचा आधार दिलेले तिकीट हाच असतो. ‘फुकटच आहे तर कागद कशाला?’ असे विचारणाऱ्या आजोबांना तो कागद म्हणजे महामंडळाची येणे रक्कम आहे, हे वाहक सहसा समजावत बसत नाही.

तिकीट जेव्हा चलन होऊ पाहते

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा रेल्वेच्या तिकीट खिडक्यांना काही काळ जुन्या नोटा स्वीकारण्याची मुभा होती. दुसऱ्याच दिवशी आरक्षण केंद्रांवर वातानुकूलित वर्गाच्या, लांब पल्ल्याच्या तिकिटांसाठी गर्दी उसळली. त्यातील अनेकांना कोठेही जायचे नव्हते. जुन्या नोटांनी महागडे तिकीट काढायचे, दोन दिवसांनी ते रद्द करायचे आणि परतावा नव्या नोटांत घ्यायचा, असा तो बेत. रद्द करण्याचे शुल्क म्हणजे जणू नोटा बदलून घेण्याची दलाली. रेल्वेच्या ते लवकरच ध्यानात आले. दहा हजारांवरील आणि नंतर पाच हजारांवरील परतावा रोखीने न देता बँक खात्यातच जमा करण्याचा आदेश निघाला. बँकांबाहेरच्या रांगांची वर्णने त्या दिवसांत पुष्कळ छापून आली, तिकीट खिडकीपलीकडच्या लिपिकांविषयी फारसे कोणी लिहिले नाही. त्यांनाही बनावट नोटा पारखायच्या होत्या, मोड कोठून तरी आणायची होती आणि खरा प्रवासी कोण, नोटा बदलणारा कोण हे न विचारता तिकीट द्यायचे होते. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ५० अन्वये भाडे देणाऱ्यास तिकीट मिळालेच पाहिजे. हेतू विचारण्याचा अधिकार लिपिकास नाही.

नाटकाचा प्लॅन

नाट्यगृहाच्या खिडकीवरचे काम निराळ्या जातीचे आहे. रेल्वेच्या अनारक्षित तिकिटाला आसन नसते, नाटकाचे तिकीट म्हणजे आसनच. दादरचे शिवाजी मंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर अशा ठिकाणी वर्षानुवर्षे बुकिंगच्या खिडकीत आसनांचा छापील आराखडा, म्हणजेच ‘प्लॅन’, पसरलेला असे. प्रेक्षक बोट ठेवून जागा दाखवी, विक्रेता पेन्सिलीने चौकोनावर फुली मारी आणि तिकिटावर ओळ व क्रमांक लिहून देई. एकच आसन दोघांना विकले गेले तर प्रयोगाच्या वेळी अंधारात भांडण ठरलेले, आणि त्याचा निवाडा त्या फुलीवरून व्हायचा.

मुरलेला विक्रेता आराखडा आडवातिडवा भरू देत नाही. दोघांच्या मध्ये एकच आसन मोकळे राहिले तर ते विकले जाणे कठीण, कारण नाटकाला एकट्याने येणारा प्रेक्षक थोडा. म्हणून तो जोडप्याला नकळत भिंतीकडच्या दोन जागा सुचवतो आणि मधली चार आसने सलग राखतो. पुढे एखादे कुटुंब आले की ती एकदम जातात. कोणत्या नाटकाला रविवारी दुपारी गर्दी होईल, कोणते आठवडाभर थंड राहील, हे निर्मात्याआधी त्याला कळते. नाट्यप्रयोगाचे पाचशे रुपयांपर्यंतचे तिकीट वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, आणि दर ठरवताना निर्माते तो आकडा नजरेआड करीत नाहीत. आता हाच आराखडा मोबाइलच्या पडद्यावर दिसतो आणि प्रेक्षक आपली जागा आपणच निवडतो. एकुटवाण्या रिकाम्या आसनांची संख्या त्यामुळे वाढली असावी.

आज खिडकीवर कोण येते

रेल्वेचे अनारक्षित तिकीट मोबाइलवर काढण्याची सोय मुंबईत २०१४ च्या अखेरीस सुरू झाली. स्वयंचलित यंत्रे आली, खिडकीवरही युपीआयने पैसे देता येऊ लागले. रांगा लहान झाल्या, गल्लेही. मोड, नोटा पारखणे, दिवसअखेरची तूट या जुन्या चिंता हलक्या झाल्या हे खरे. मात्र नवी चिंता आली आहे. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण तिकीट निघाले नाही, अशा वेळी लिपिकाच्या हाती काहीच नसते. पूर्वी नोट परत करता येई. आता ‘पैसे आपोआप परत येतील’ असे सांगून प्रवाशाला पुन्हा पैसे द्यायला लावावे लागते, आणि गाडी सुटण्याच्या बेतात असते.

खिडकीवर अजूनही येतात ते वृद्ध, सवलतीचे प्रमाणपत्र घेऊन आलेले दिव्यांग, मोबाइलवर मराठी वा हिंदी न वाचता येणारे मजूर, आणि दहा जणांचे तिकीट एकदम काढणारी मंडळी. दिल्ली, सुरत, मुंबईच्या स्थानकांवर सणापूर्वी गावी निघालेल्या श्रमिकांच्या रांगा पाहिल्या की हे पटते. आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून एकशे वीस दिवसांवरून साठ दिवसांवर आली, तिचा हेतू दलालांना आळा घालण्याचाही होता. अधिकृत नेमणुकीवाचून तिकिटांचा धंदा करणाऱ्यास अधिनियमाच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. इंटरनेटवरून काढलेल्या तिकिटांनाही हे कलम लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. अनेक खोट्या ओळखींनी तिकिटे जमवून चढ्या दराने विकणाऱ्याची पळवाट त्यामुळे बंद झाली.

या नोकरीत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. रेल्वेत वाणिज्य-तथा-तिकीट लिपिक या पदासाठी बारावी उत्तीर्ण उमेदवार रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेस बसू शकतो. सातव्या वेतन आयोगानुसार आरंभीचे मूळ वेतन २१,७०० रुपये आहे. निवड झाल्यावर भाडेनियम, हिशेब आणि संगणकप्रणाली यांचे प्रशिक्षण मिळते. भुसावळ येथे मध्य रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे. याखेरीज लहान थांब्यांवर कंत्राटी एजंट नेमले जातात. हा एजंट जवळच्या मोठ्या स्थानकातून रोख पैसे मोजून तिकिटे आधीच विकत घेतो आणि थांब्यावर नेऊन विकतो. त्याचा मोबदला म्हणजे विक्रीवरील दलाली. त्याच्या गल्ल्याची तूट रेल्वे कधी विचारीत नाही, कारण पेटीतील प्रत्येक तिकिटाचे पैसे त्याने अगोदरच भरलेले असतात.